तारीख ज्याची त्याची

ओटौटाऊ,
६ मार्च २०२२

प्रिय लॅक्लन,

अंडी उकडताना लावतात तशी दोन छोटी घड्याळं एकाच दुकानातून, एकाच दिवशी आणावीत. साचा एक, रंग एक, आतली स्प्रिंगही एकाच मापाची. त्यांतलं एक सात मिनिटांवर लावून ओट्यावर ठेवावं आणि दुसरं त्याच्या शेजारी तसंच राहू द्यावं. सात मिनिटांनी पहिलं खणखणतं आणि दुसरं गप्प राहतं. हे प्रत्येकाने पाहिलेलं असतं आणि त्यात नवल आहे असं कोणालाच वाटत नाही. मी मात्र तेवीस वर्षं माझ्या प्रोग्रामिंगच्या वर्गाचा पहिला तास याच कोड्याने सुरू करत आले आहे: दोन्ही घड्याळं तंतोतंत सारखी असतील, तर एकाला जे ठाऊक आहे ते दुसऱ्याला का ठाऊक नाही?

वर्ग हसतो. मग मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणतं, "मॅडम, काटा ज्याचा त्याचा वेगळा ना!" आणि त्या क्षणी मला दरवर्षी तितकाच आनंद होतो, कारण संपूर्ण विषय त्या वाक्यात आलेला असतो. घड्याळ कसं चालायचं, कधी वाजायचं, ही रीत साच्यात एकदाच ठरते आणि ती सर्वांना समान असते. तिला आम्ही 'क्लास' म्हणतो. साच्यातून निघालेलं एकेक घड्याळ म्हणजे 'ऑब्जेक्ट'. आणि काटा या घटकेला कुठे आहे, ही ज्याची त्याने सांभाळायची गोष्ट म्हणजे 'इन्स्टन्स व्हेरिएबल'. रीत सगळ्यांची, स्थिती ज्याची त्याची. हे एवढं कळलं की अर्धं शिक्षण झालं.

तेरा वर्षांनी भावाला लिहिलेल्या पत्राची सुरुवात अशी कोणी करतं का? "आल्या मास्तरीणबाई," असं तू म्हणत असशील. म्हण. मला दुसरी कुठलीही सुरुवात साधली नाही. तीन कागद फाडून झाले.

तुला माहीत असलेलंच आता पुन्हा सांगते. क्रम लावल्याशिवाय मला काही मांडता येत नाही, हे तू जाणतोस.

गाईला औषध टोचलं की ठरावीक दिवस तिचं दूध टाकीत जाऊ द्यायचं नाही. ते दिवस लक्षात ठेवण्यासाठी मी बाबांच्या गोठ्यासाठी प्रोग्राम लिहिला. औषध दिलेल्या प्रत्येक गाईची त्यात एक चिठ्ठी उघडायची. चिठ्ठीवर दोन गोष्टी: गाईचा क्रमांक आणि तिचं दूध पुन्हा चालू लागण्याची तारीख. गाय दूध काढायला आत शिरताना कमानीखाली तिच्या कानातला बिल्ला वाचला जाई आणि तिच्या जागेवर दिवा लागे. लाल असेल तर दूध बाजूला, पांढरा असेल तर टाकीत.

२००८च्या ऑक्टोबरमध्ये, आठ तारखेला, तू १४८ क्रमांकाच्या गाईला औषध दिलंस आणि अठरा तारीख नोंदवलीस. चौदाला टँकर दूध घेऊन गेला आणि तपासणीत दुधात औषध सापडलं. त्या टँकरमधलं आपलं आणि चार शेजाऱ्यांचं, सगळं दूध जमिनीवर ओतावं लागलं.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात बाबा उभेच होते. "नोंद केली होतीस की नव्हतीस, एवढंच सांग."

"केली होती बाबा. काल सकाळी तिचा दिवा लाल होता, संध्याकाळी पांढरा झाला. मी बोटसुद्धा लावलं नाही."

"दिवे काय आपले आपण रंग बदलतात?"

मग तुम्ही दोघांनीही माझ्याकडे पाहिलंत. मी म्हणाले, "प्रोग्राम सांगितलं तेवढंच करतो. कोणी बदलल्याशिवाय तारीख बदलत नाही."

ते वाक्य खरं होतं, लॅक्लन. तारीख बदलली गेली होती. अकरा तारखेला बाबांनी ६३ क्रमांकाच्या गाईला ते नवीन, लवकर उतरणारं औषध दिलं आणि तिची तारीख तेरा नोंदवली. त्यांनी काहीच चुकीचं केलं नाही. चूक माझ्या लिहिण्यात होती. क्रमांक मी प्रत्येक चिठ्ठीचा स्वतंत्र ठेवला होता. तारीख मात्र चिठ्ठीवर न ठेवता साच्यात ठेवली होती. म्हणजे असं समज, की प्रत्येक गाईच्या कानात तिचा बिल्ला होता, पण तारीख लिहायला सगळ्यांत मिळून भिंतीवरचा एकच फळा. शेवटी जो लिहील त्याची तारीख सगळ्यांना लागू. बाबांनी ६३साठी तेरा लिहिली, त्याबरोबर १४८ची अठरा पुसली गेली. तेराच्या संध्याकाळी दोघींचे दिवे पांढरे झाले.

एका वेळी एकच गाय आजारी असे, तोवर फळा आणि चिठ्ठी यांत फरक दिसायचं कारणच नव्हतं. आणि दोघी असल्या, तरी मागून नोंदलेल्या गाईची तारीख बहुधा पुढची असे. मग आधीची गाय उगाच दोन दिवस जास्त लाल राही. तू एकदा म्हणालाही होतास, "ताई, हिला कालच सोडायला हवं होतं गं." मी म्हटलं, "दोन दिवस जास्त थांबलास तर काय बिघडलं?"

या वर्षअखेरीस मी निवृत्त होते आहे. गेल्या महिन्यात जुन्या फायली आवरताना तो प्रोग्राम हाती लागला, वाचताना ती ओळ दिसली आणि सगळा उलगडा झाला. तुला कळवणं माझं कर्तव्य होतं. तू नोंद बरोबर केली होतीस.

तुझी,
कॅट्रिओना


ओटौटाऊ,
२ एप्रिल

प्रिय लॅक्लन,

तुझं पत्र आलं. टास्मानियाहून इथवर यायला त्याला अकरा दिवस लागले आणि वाचायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही. तुझी वाक्यं इथे उतरवते. निदान एकदा ती माझ्या हाताने लिहिली जावीत.

"ताई, गेल्या महिन्यात? टँकरनंतरही मी तुमच्या गोठ्यात मेअखेरपर्यंत दोन वेळ दूध काढत होतो. त्या आठवड्यानंतर एकही गाय उगाच लाल राहिली नाही. जिची तिची तारीख आली की जिचा तिचा दिवा पांढरा. प्रोग्राम कोणीतरी दुरुस्त केला होता आणि तो मी केला नव्हता. आपल्या घरात दुसरं कोणाला ते येतं?"

दुसरं कोणाला येत नव्हतं.

मला ती ओळ तिसऱ्या दिवशी सापडली. सतरा ऑक्टोबर, शुक्रवार. बाबा गोर गावाला गेले होते, तू खालच्या कुरणात कुंपणाच्या तारा ओढत होतास. मी ऑफिसात बसून १४८ची चिठ्ठी उघडली आणि तिच्यावर तेरा तारीख दिसली. ६३ची उघडली, तीही तेरा. दहा मिनिटांत मला सगळं कळलं. एक ओळ साच्यातून उचलून चिठ्ठीत आणून ठेवायची होती. ती मी ठेवली. मग संगणक बंद केला, चहा केला आणि दारातून तुला हाक मारली, "चीज रोल गरम आहेत, ये." तू आलास. उभ्या उभ्या दोन खाल्लेस. "काही सापडलं का गं?" असं विचारलंस. मी म्हणाले, "नाही. सगळं ठीक आहे."

सगळं ठीक होतं, कारण मी ते नुकतंच ठीक केलं होतं. असं उत्तर एखाद्या विद्यार्थ्याने दिलं असतं, तर मी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं.

का? कारणं मांडण्याचा मला सराव आहे, पण इथे एकच कारण आहे आणि ते फार लहान आहे. या घरात न चुकणारी मी होते. बाबा बाजारात सांगत, "आमची ट्रीना बोलली म्हणजे ते तसंच असतं." तुझ्याबद्दल ते "हाताचा चांगला आहे" एवढंच म्हणत. मला वाटलं, तुझ्या नावावर एक चूक चढली तर काय, तू हसून झटकशील. माझ्यावर चढली तर माझ्याकडे दुसरं काही उरणारच नाही.

आणि यापेक्षाही वाईट एक गोष्ट आहे, ती तू लिहिली नाहीस. ती मीच लिहिते.

प्रोग्राम येण्याआधी औषध दिलेल्या गाईच्या मागच्या पायाला लाल पट्टी बांधायची आपली रीत होती. इकडे साउथलंड प्रांतात सगळेच बांधतात. दूध काढणारा खाली खड्ड्यात उभा असतो. त्याला गाईचं तोंड दिसत नाही, कान दिसत नाही, फक्त मागचे पाय आणि कास दिसते. म्हणून पट्टी पायाला. माझे दिवे बसल्यावरही तू महिनाभर पट्ट्या बांधत राहिलास. मी गोठ्यात येऊन सगळ्यांसमोर म्हणाले, "एवढं शिकून मी हे बसवलं, आणि तुझा भरवसा अजून त्या लाल चिंधीवर?"

तू म्हणालास, "दिव्याला राग येतो का गं चिंधीचा? दोन्ही राहू देत की."

"दोन्ही ठेवायचे असतील तर माझं काढून टाक."

दुसऱ्या दिवशी पट्ट्या खिळ्याला टांगलेल्या होत्या. तू माझा मान राखलास. १४८च्या पायाला पट्टी असती तर दिव्याचा रंग कोणताही असो, तुझा हात थांबला असता. तुझ्या हातातली खूण मी काढून घेतली आणि मग विचारलं की तुझ्या लक्षात कसं आलं नाही.

जूनच्या पहिल्या तारखेला शेतांचे करार बदलतात आणि सगळ्या जिल्ह्याचे गोठे एका शेतावरून दुसऱ्यावर हलतात, रस्त्यात गाईच गाई असतात. त्या गर्दीत, घर सोडून निघालेली तुझी गाडी वळणावर थांबलेली मी वरच्या खिडकीतून पाहत होते. कळप जाईपर्यंत तू दहा मिनिटं तरी थांबला असशील. खाली यायला मला एक मिनिट पुरलं असतं.

कॅट्रिओना


ओटौटाऊ,
२४ एप्रिल

प्रिय लॅक्लन,

तुझं कार्ड मिळालं. त्यावर एकच प्रश्न आहे: "बाबांना सांगितलंस का?"

नाही.

ते आता विंटनच्या वृद्धाश्रमात आहेत, हे मी आधी लिहिलं नव्हतं. चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. डोकं लख्ख आहे, कान मात्र जवळजवळ गेले. मी दर गुरुवारी जाते. पहिल्या गुरुवारी त्यांना सर्दी होती. दुसऱ्या गुरुवारी दिवाणखान्यात पियानो चालू होता. मग मी दोन कागदांवर आकृत्यांसह सगळं लिहून काढलं: डावीकडे फळा, उजवीकडे चिठ्ठ्या, मधे बाण. वाचून कोणालाही समजेल असं झालं आहे. ते कागद तिसऱ्या गुरुवारी माझ्या पर्समध्ये होते आणि पर्समधूनच घरी आले.

बाबा अजून तुझं नाव काढतात. परवा टीव्हीवर टास्मानियातला पूर दाखवला, तेव्हा म्हणाले, "तिकडेच आहे ना तो? कुंपणाचं दार तरी लावतो का तिथे नीट?" मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते माझं मलाच ठाऊक नाही.

येत्या गुरुवारी.

कॅट्रिओना


ओटौटाऊ,
१५ मे

प्रिय लॅक्लन,

फोनवर बाबा काय बोलले ते तू ऐकलंसच. त्याआधी काय घडलं आणि नंतर काय घडलं, ते तुला माहीत नाही, म्हणून लिहिते.

संध्याकाळच्या जेवणाची वेळ होती; आश्रमात पाचलाच वाढतात. भाजलेलं मटण आणि पुदिन्याची चटणी. बाबांच्या टेबलावर मिसेस पिरी असतात. आपल्या पलीकडच्या शेतावरच्या. त्यांचंही दूध त्या टँकरमध्ये होतं. मी कागद काढले तर बाबांचा चष्मा खोलीत राहिलेला. म्हणून बोलावं लागलं.

"बाबा, ती चूक लॅकीची नव्हती!"

"लॅकी आलाय?"

"नाही! चूक! टँकरची चूक!"

"हळू बोल की. सगळे ऐकतायत."

खरंच सगळे ऐकत होते. सुऱ्याकाटे थांबले होते. मी आणखी मोठ्याने क्लास आणि ऑब्जेक्ट यांच्यातला भेद सांगू लागले. फळा, चिठ्ठी, तेरा तारीख. बाबा माझ्या तोंडाकडे पाहत मटण चावत होते.

मिसेस पिरींनी काटा खाली ठेवला. "तुझं राहू दे गं बाई. त्याला कळतं माझं बोलणं, मी कानाशी बोलते. मला सांग, थोडक्यात."

मी थोडक्यात सांगितलं. त्या वाकल्या आणि बाबांच्या उजव्या कानात म्हणाल्या, "डंकन, तुझी पोरगी म्हणते, चूक तिच्या यंत्राची होती. पोराने नोंद बरोबर केली होती. आणि हिला ते तिसऱ्याच दिवशी कळलं होतं."

तीन वाक्यं, आणि त्यांत आकृती एकही नव्हती. तेवीस वर्षं शिकवूनही मला ती तीन वाक्यं अशी एकापाठोपाठ रचता आली नव्हती.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "तिसऱ्या दिवशी?"

मी मान हलवली.

"तो जूनपर्यंत होता इथे."

"हो."

"त्याच टेबलावर जेवत होता. मीठ हवं असलं तरी मी तुला सांगायचो, त्याला नाही." आणि मग, "तू दोघांना मीठ देत होतीस."

मिसेस पिरी म्हणाल्या, "आम्हीही काय काय बोललो त्या पोराला. आमच्या ह्यांनी तर दुकानात हाकसुद्धा मारली नाही." आणि मग माझ्याकडे न बघता, "जेव बाई, गार होतंय."

नंतर बाबा म्हणाले, "फोन लाव त्याला." मी म्हटलं, तुम्हाला ऐकू येणार नाही. ते म्हणाले, "त्याने ऐकलं म्हणजे झालं. तेव्हा तो बोलला ते मी ऐकलं नाही, आता मी बोलतो ते त्याला ऐकू दे." पुढचं तू ऐकलंस: "लॅकी, तू बोलू नकोस, मला ऐकू यायचं नाही. तू नोंद केली होतीस. मी तुला खोटं पाडलं. बास, एवढंच आहे." तू जे म्हणालास ते त्यांच्या कानापर्यंत पोचलं नाही. फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, "काय म्हणाला?" मी मिसेस पिरींना सांगितलं आणि त्यांनी बाबांच्या कानात: "आता दूध काढायची वेळ झाली म्हणाला. रविवारी फोन करतो."

बाबा एकदम खुलले. "बरोबर. तिकडे दोन तास मागे, साडेतीन वाजले असतील. गाई थांबत नाहीत."

मी निघताना म्हणाले, "येत्या गुरुवारी येते." ते म्हणाले, "येत्या नको. त्याच्या पुढच्या गुरुवारी ये." त्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

कॅट्रिओना


ओटौटाऊ,
९ जून

प्रिय लॅक्लन,

तू रविवारी फोन करतोस आणि मिसेस पिरी दुभाष्याचं काम करतात, हे मला आश्रमातल्या परिचारिकेने सांगितलं. त्या बोलण्यात मी नसते, आणि नसावंच.

तुझ्या पत्रात "ताई" नव्हतं. तेही बरोबर आहे. येण्याबद्दल तू काही लिहिलं नाहीस आणि मी विचारणार नाही. पण तू एक प्रश्न विचारलास, आणि मला वाटतं, इतक्या वर्षांत मला कोणी विचारलेला हा सर्वांत मोलाचा प्रश्न आहे. तू ज्यांच्या गोठ्यात काम करतोस त्या स्मिथटनच्या मालकीणबाईंनी नवीन यंत्रणा बसवली आहे, दिवे आहेत, पडदा आहे, आणि आता पायाच्या पट्ट्या बंद कराव्यात असा त्यांचा विचार आहे. "यंत्र बरोबर आहे की नाही, हे प्रोग्राम न वाचता मला कसं कळेल?" असं तू विचारतोस.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नकोस. स्वतः करून पाहा. मालकीणबाईंनाही शेजारी उभं कर, कारण प्रयोग एकट्याने पाहिला की पुढे तो सांगणाऱ्याच्या शब्दावर उरतो. गाई बाहेर चरत असताना, दिवसाउजेडी, पाच मिनिटांत होण्यासारखं हे काम आहे.

एका गाईची चिठ्ठी उघड आणि तिच्यावर सहजासहजी कोणी लिहिणार नाही अशी तारीख भर; समज, पुढल्या वर्षीची एकतीस ऑगस्ट. ती जतन कर. यंत्र बंद करू नकोस. आता जिला आजवर कधीच औषध दिलेलं नाही अशी एखादी गाय निवड, आणि तिच्या नावाने नवीन चिठ्ठी उघड. काहीही लिहू नकोस. तिथेच थांब आणि तारखेच्या जागी पाहा.

ती जागा कोरी असेल, तर यंत्र या एका बाबतीत ठीक आहे. पण जिच्याबद्दल कोणी अजून एक अक्षर सांगितलेलं नाही तिच्या नावापुढे जर ती तारीख आधीच लिहिलेली दिसली, तर ती तिची नाही, दुसऱ्या कोणाची तरी आहे. मग त्या गाईला बोल लावू नका. ज्याने ते लिहिलं त्याला बोलवा.

कॅट्रिओना